माहीत नाही म्हणणारा माणूस

लोकांना वाटतं, भाऊ तापानं गेला म्हणून ती विज्ञानाकडे वळली. तिनं स्वतःही बरीच वर्षं हेच सांगितलं. विचारणाऱ्याला तेवढं पुरतं. तो हळहळतो आणि दुसऱ्या विषयाला हात घालतो. पण ते तितकंसं खरं नाही. भाऊ गेला तेव्हा विज्ञान म्हणजे पुस्तकात पोट फाडून ठेवलेला बेडूक, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं.

शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे पुन्हाताई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत आहे. कुणी निकाल घेऊन आलं की चष्मा कपाळावर सरकवून ती कागद डोळ्यांजवळ धरते, वाचते आणि म्हणते, "पुन्हा करा." नव्यानं लागलेल्यांना पहिल्या महिन्यात याचं रडू येतं, दुसऱ्या महिन्यात राग येतो, आणि तिसऱ्या महिन्यात ते आपणहून दोनदा करून आणतात. घरी मात्र तिला मिठू म्हणत, कारण लहानपणी ती एकच प्रश्न उत्तर मिळेपर्यंत घोकत राहायची.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बाबांचं शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेलं कापड बेतायचं लांब टेबल, आणि फरशीवर कितीही झाडलं तरी उरणारे दोऱ्यांचे तुकडे. मिठूच्या जन्मानंतर आठव्या दिवशी आई गेली. तेव्हा बाबांची विधवा बहीण एक ट्रंक घेऊन चार दिवसांसाठी म्हणून आली आणि कायमची राहिली. मिठूला आणि तिच्या दादाला आई म्हणजे आत्याच. आत्या बोलायला फटकळ, हाताला चव असलेली, आणि दादावर जीव ओवाळून टाकणारी. दादा चार वर्षांनी मोठा. उंच, हडकुळा, चोवीस तास भुकेला. "याच्या पोटात विहीर आहे," असं म्हणत आत्या त्याच्या ताटात पुन्हा वाढायची.

मिठू अकरा वर्षांची असताना दादाला ताप आला. पहिला आठवडा गल्लीतल्या डॉक्टरांनी सर्दी म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या आठवड्यात तो उठून बसेना, तेव्हा इस्पितळात नेलं. तिथे रक्त तपासून त्यांनी टायफॉइड सांगितला. तिसऱ्या आठवड्यात आतडं फुटलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला.

त्यानंतरचे दिवस घरात फक्त मशीन बंद असल्याचा आवाज होता, असं ती सांगते. बाबा मशीनसमोर बसायचे, पायट्यावर पाय ठेवायचे आणि तसेच बसून राहायचे. आत्या भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची.

मग लोक कारण शोधायला लागले. इमारतीच्या अंगणात हातपंप होता. त्याच्या शेजारच्या खोलीत इस्त्रीवाले राहत: नवरा, बायको आणि मिठूच्याच वयाची मुलगी. काकू पंपापाशी लोकांचे कपडे धुवायच्या आणि काका त्यांना इस्त्री करायचे. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क एके सकाळी वर येऊन बाबांना म्हणाले, "जगाचे मळके कपडे तिथे धुतात. ते पाणी जिरतं कुठे? खालीच ना? आणि आपण पितो तेच." गल्लीतल्या डॉक्टरांनीही मान डोलावली. दोन दिवसांत सगळ्या इमारतीला कारण कळलं होतं. शंका म्हणून कुणाला आली नाही.

बाबा तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारे. पण त्या दिवशी ते जिना उतरून अंगणात गेले आणि काकूंना सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या घाणीनं माझा मुलगा गेला."

काकूंच्या हातात पिळलेली चादर होती. ती तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलीनं वर पाहिलं. मिठू खिडकीत होती. मिठू बाजूला झाली.

दहाव्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस आला. इस्पितळातून टायफॉइडची खबर गेली की चौकशीला यायचं, हे त्याचं काम. बुटका, टक्कल पडलेला, खांद्यावर चामड्याची पेटी. मिठू त्याच्या मागोमाग अंगणात उतरली. घरात बसवत नव्हतं म्हणून, आणखी काही नाही.

त्यानं पेटी उघडली. कागदात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या निघाल्या. मग त्यानं काठीच्या टोकाला गुंडाळलेला कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पेटवला आणि पंपाच्या तोंडाला चक्क चटके द्यायला सुरुवात केली.

"पंप का जाळताय?" मिठूनं विचारलं.

"जाळत नाही. तोंड साफ करतोय. इथे दिवसभर लोकांचे हात लागतात. बाटलीत जे येईल ते पाण्याचंच हवं, हातांचं नको."

त्यानं बराच वेळ पंप मारून पाणी वाहू दिलं. मग बाटलीचं झाकण काढून तिच्याकडे दिलं. "धर. आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. तोंड खाली ठेव. आणि त्याच्यावर बोलू नकोस."

मिठूनं श्वासही रोखून धरला. बाटली भरली, झाकण लागलं, त्यावर चिठ्ठी चिकटली. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि वेळ. वेळ लिहिताना त्यानं घड्याळ पाहिलं आणि मिनिटंसुद्धा लिहिली. एवढं होईपर्यंत अंगणात लोक जमले होते. हेडक्लार्क पुढे होऊन म्हणाले, "साहेब, तपासायचं काय त्यात? आम्हाला ठाऊक आहे. या पाण्यानंच झालंय."

"मला माहीत नाही," तो माणूस म्हणाला.

"अहो, बघा ना, इथे धुतात—"

"बघितलं. तरी मला माहीत नाही. आठवड्यानं सांगतो."

काकू आपल्या दारातून बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, नीट बघा हं."

"नीटच बघणार," तो म्हणाला, आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी घ्यायला जिना चढू लागला.

गेला महिनाभर मिठूच्या आजूबाजूच्या प्रत्येक मोठ्या माणसाला सगळं माहीत होतं. डॉक्टरांना सर्दी माहीत होती. हेडक्लार्कना पाणी माहीत होतं. बाबांना घाण माहीत होती. एवढ्या सगळ्यांत 'माहीत नाही' म्हणणारा हा एकटाच निघाला, आणि शोधायची पेटीही एकट्या त्याच्याकडेच होती. हे तिला तेव्हा असं शब्दांत कळलं नव्हतं. पण त्या दिवशी दादा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला पोटभर जेवण गेलं.

निकालाची वाट बघायला इस्त्रीवाले थांबले नाहीत. गल्लीनं त्यांच्याकडे कपडे देणं बंद केलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी टेबल, इस्त्र्या आणि दोन पेट्या हातगाडीवर चढवल्या. काकूंच्या मुलीनं जाताना वर पाहिलं नाही.

आठव्या दिवशी पाणीवाले काका (मिठूनं त्यांचं नाव हेच ठेवलं होतं) कागद घेऊन आले. पंपाचं पाणी चांगलं होतं. टाकीचंही.

बाबा कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे पाण्यानं झालं नाही?"

"आज पाणी चांगलं आहे. दीड महिन्यापूर्वी कसं होतं, ते आजची बाटली सांगू शकत नाही. पण त्या पंपात काही मुरतंय असं दिसत नाही. आता घरातल्या माणसांची तपासणी करायची आहे. तिघांची."

"आम्ही तर धडधाकट आहोत."

"म्हणूनच," पाणीवाले काका म्हणाले, आणि आत्याकडे वळले. "बाई, तुम्हाला कधी मोठा ताप आला होता?"

आला होता. दोन वर्षांपूर्वी आत्या महिनाभर अंथरुणाला खिळली होती आणि मग खडखडीत बरी झाली होती. निदान सगळ्यांना तसं वाटलं होतं.

तिघांची तपासणी झाली. बाबा आणि मिठू स्वच्छ निघाले. आत्याच्या पोटात टायफॉइडचे जंतू होते. ताप उतरला तरी ते पित्ताशयात मुक्काम ठोकून बसले होते. तिला त्यांचा काही त्रास नव्हता, पण तिच्या हातचं खाणाऱ्याला ते बाधू शकत होते. पाणीवाले काकांनी हे सगळं तिला समोर बसवून, आवाज न चढवता सांगितलं. गोळ्या घ्यायच्या. आणि बऱ्या झाल्याचं नक्की होईपर्यंत स्वयंपाकाला हात लावायचा नाही.

आत्यानं एवढंच विचारलं, "पण हे दोघंही माझ्याच हातचं जेवत होते. मग त्यालाच का?"

"मला माहीत नाही, बाई."

या वेळी ते दोन शब्द ऐकून मिठूला बरं वाटलं नाही. ते ऐकून आत्याचा चेहरा कसा झाला, हे ती कधीच विसरली नाही. तरीही त्या माणसानं दुसरं काही बनवून सांगितलं नाही, हेही तिच्या मनात राहिलं.

गोळ्यांनी आत्या बरी झाली नाही. दर वेळी तपासणी झाली की तेच. ऑपरेशन करून पित्ताशय काढता येईल असं डॉक्टर म्हणाले, पण ती तयार होईना. "राहू दे माझ्या पोटात. माझी शिक्षा मीच सांभाळते," म्हणायची. पाण्याच्या निकालाचा कागद बाबांनी घडी घालून मशीनच्या खणात, बटणांच्या डबीखाली ठेवून दिला. मिठूनं एकदा विचारलं, "काकूंना सांगायला नको?" तर म्हणाले, "गेलेल्या माणसांना आता काय सांगायचं?" त्यानंतर ते इतका वेळ मशीन चालवत राहिले की तिला पुन्हा विचारता आलं नाही. आयुष्यात प्रश्न अर्धा सोडल्याची तिची ही एकच वेळ.

स्वयंपाक मिठूकडे आला. आत्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पाट टाकून बसायची, आतल्या कशाला हात लावायची नाही, आणि तोंडानं सगळं चालवायची. "मीठ." "किती?" "अंदाजानं." "अंदाज म्हणजे किती?" आत्या वैतागायची. शेवटी मिठूनं एक छोटा चमचा ठरवला आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवायला सुरुवात केली: किती पाणी, किती मीठ, किती वेळ, आणि जेवताना बाबांचा चेहरा कसा झाला. तीन महिन्यांनी ती भिंत भरली. चौथ्या महिन्यात बाबांनी पहिल्यांदा मागून घेतलं. आत्या दाराबाहेरून म्हणाली, "मेली, माझ्यापेक्षा बरं करायला लागलीस," आणि पदर डोळ्यांना लावला.

सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि पुढे काय शिकायचं याचा फॉर्म घरी आला. बाबांच्या मनात तिनं त्यांच्याजवळच शिवण शिकावं असं होतं. तिचा हात सफाईदार होता, काजं तर बाबांपेक्षा सुबक करायची. तिनं फॉर्मवर विज्ञान लिहून त्यांच्यासमोर सहीसाठी धरला.

"हे कशाला?" बाबा म्हणाले. "दादासाठी?"

"नाही."

"मग?"

तिला प्रयोगशाळा आठवली. मधल्या वर्षांत ती दोनदा पाणीवाले काकांच्या प्रयोगशाळेत जाऊन आली होती. लांबट, पांढऱ्या फरशांची खोली, दमट वास, आणि उबदार कपाटात मांडलेल्या काचेच्या थाळ्या. एका थाळीवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उगवले होते. काका म्हणाले होते, "मोज." तिनं मोजले, एकतीस. "पुन्हा मोज." तेहतीस. "बघ, तुझेच डोळे, तीच थाळी. म्हणून मी स्वतःवरही एकदम विश्वास ठेवत नाही." त्या खोलीत कुणी कुणाला रागावून आपलं म्हणणं पटवत नव्हतं. ज्याला पटत नसेल त्यानं वाकून बघावं.

"बाबा, तिथे माहीत नाही म्हटलं तर चालतं," ती शेवटी म्हणाली. "आणि म्हटलं की शोधावं लागतं. मला तसं काम हवंय."

बाबांनी सुई कापडात खोचली. "मी तेव्हा न शोधताच बोललो, असंच ना?"

तिनं नाही म्हणावं म्हणून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली, आणि मग सही केली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिनं जंतू पहिल्यांदा स्वतः वाढवले. त्या दिवशी ती घरी येऊन पुस्तक उघडून बसली होती. आत्या समोर येऊन बसली. गुडघे धरून म्हणाली, "आता तू शिकतेस ना यातलं. मग खरं सांग. माझ्यामुळे गेला का तो?"

आत्याला बरं वाटेल असं बोलणं तिच्या अगदी ओठांवर होतं. पण समोरच्या म्हातारीनं आठ वर्षं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता, आणि तो तिच्यासाठी राखून ठेवला होता.

"तुझ्या पोटात ते जंतू होते, हे खरं," ती म्हणाली. "दादा त्याच जातीच्या जंतूंनी गेला, हेही खरं. पण त्याचे जंतू आणि तुझे जंतू शेजारी ठेवून कुणी तपासले नाहीत. तेव्हा इथे ती सोय नव्हती, आणि आता त्याचे उरले नाहीत. त्यामुळे तुझ्यामुळे गेला असं मला म्हणता येत नाही. नाही गेला असंही म्हणता येत नाही."

"म्हणजे कधीच कळणार नाही?"

"नाही, आत्या."

आत्या रडली नाही. तिनं हे मनात उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "आणि त्या इस्त्रीवालीचं? तिचं तरी कळलं होतं ना?"

"तिचं कळलं होतं. कागद बाबांच्या खणात आहे."

"काढ तो. चल माझ्याबरोबर."

शोधायला तीन रविवार लागले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका दवाखान्याच्या मागच्या बोळात काकूंचं दुकान सापडलं. काका वारले होते. काकू एकट्या इस्त्री करत होत्या. केस पांढरे झाले होते, पण उभं राहण्याची ढब तीच. त्यांनी दोघींना ओळखलं आणि इस्त्री थांबवली नाही.

"तुमच्या पंपाचं पाणी चांगलं होतं," आत्या उभ्याउभ्याच म्हणाली. "दोष असला तर माझ्या हाताचा असेल. तुमच्यावर आळ आला. हे आम्हाला आठ दिवसांत कळलं होतं, आणि आम्ही गप्प बसलो."

काकूंनी बाही उलटली, दाबली. "कागद आहे?"

"आहे."

"वाच गं," त्या मिठूला म्हणाल्या.

तिनं वाचला. जागा, तारीख, वेळ, निकाल. वाचायला अर्धं मिनिट लागलं असेल. काकू म्हणाल्या, "हा तेव्हा मिळाला असता तर आम्ही परत आलो असतो. आमचे हे शेवटपर्यंत म्हणत राहिले, आपल्याच हातून झालं असेल का गं. त्यांना मी काय सांगणार होते?" मग त्यांनी दुसरी बाही उलटली. "कागद ठेवून जा. मुलीला दाखवीन. तिला शाळेत त्यावरून नावं ठेवत होते."

त्यांनी बसा म्हटलं नाही. क्षमा केली असंही म्हटलं नाही. दोघी परत निघाल्या. वाटेत आत्या दोनदा थांबली, धाप लागली म्हणून. संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं, "मी सांगून आले. तुझी वाट बघत बसले असते तर मरून गेले असते." पुढच्या रविवारी बाबा एकटेच बाहेर पडले. कुठे गेले होते ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

शिक्षण संपवून ती त्याच प्रयोगशाळेत लागली. पाणीवाले काका तोवर निवृत्त झाले होते. तिच्या पहिल्या वरिष्ठांनी एकदा गावठाणाच्या टाकीचा वाईट निकाल चार दिवस दाबून ठेवायला सांगितला, लोक घाबरतील म्हणून. तिनं तो त्याच दुपारी टाकीच्या भिंतीवर चिकटवला. त्यापायी दोन वर्षं भांडारात बाटल्या मोजत बसावं लागलं. तिनं त्याही दोनदा मोजल्या.

ती सत्तावीस वर्षांची असताना आत्याला पित्ताशयात खडे झाले आणि दुखणं सोसवेना, तेव्हा कुठे ती ऑपरेशनला कबूल झाली. नंतर महिन्या-महिन्याच्या अंतरानं तीन तपासण्या करायच्या होत्या. मिठूनं त्या स्वतः केल्या नाहीत. "माझ्या डोळ्यांना हवं तेच दिसेल," म्हणून दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याकडे दिल्या, वर नाव न घालता, फक्त आकडा घालून. तिन्ही निकाल स्वच्छ आले. सहकाऱ्यानं तिसरा कागद तिच्या हातात ठेवला आणि ती सवयीनं म्हणाली, "पुन्हा करा." चौथाही स्वच्छ आला.

घरी येऊन तिनं आत्याला सांगितलं.

"म्हणजे मी सुटले?"

"जंतूंपासून सुटलीस."

"आणि बाकीचं तुझ्या काचेत दिसत नाही."

"नाही दिसत."

आत्यानं मान हलवली आणि खिडकीशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिठू कामावर जायला निघाली, तेव्हा स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येत होता. सोळा वर्षांनी आत्या आत उभी होती. भिंतीवरची पुसट पेन्सिल तिनं डोळे बारीक करून वाचली, "एवढंसं मीठ? अळणी खात होतात का इतकी वर्षं?" असं पुटपुटली आणि मीठ अंदाजानं टाकलं. बाबा मशीन थांबवून दारापर्यंत आले. त्यांनी पाहिलं. मग त्यांनी आपलं ताट काढलं आणि पाटावर बसले.

त्या दुपारी प्रयोगशाळेत तिनं हात धुतले, आत्यानं भरून दिलेला डबा उघडला आणि सगळा संपवला. मीठ जरा जास्तच पडलं होतं.